वरातीच्या गाडीची चेन

इंजिनाचं झाकण उघडलं आणि मला ओकारीच आली. गॅरेजच्या मागे जाऊन तोंड धुवून आलो. आम्हाला इंजिनियरिंग कॉलेजात चित्रं दाखवतात, त्यात इंजिनाच्या आत सगळं चकचकीत असतं. इथे चाकांच्या दात्यांवर, नटांवर, कोपऱ्याकोपऱ्यात काळा गाळ थापल्यासारखा बसला होता. बोट लावलं की चिकटायचा. जळका, आंबूस वास त्याचा. दोन दिवस तो माझ्या नखांतून गेला नाही आणि मी चमच्याने जेवलो.

गाडी बाबांच्या शेठची. बाबा त्यांचे ड्रायव्हर. शेठने ही लाल, दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार मुंबईहून जुनी आणली, ती मिरवायलाच. नात्यागोत्यात लग्न असलं की ती वरातीत घोड्याच्या पुढे असते. त्याला चालणं म्हणायचं का, मला कळत नाही. गावातल्या इतवारा पेठेच्या गल्ल्यांतून ती बँडमागे रांगते, तासन्‌तास, एसी लावून. नाच रंगात आला की शेठचा पुतण्या बोनेटवर थाप मारून बाबांना ओरडतो, "काका, रेस दो!" बाबा गिअर न टाकता ॲक्सिलरेटर दाबतात. सायलेन्सर बंदुकीसारखा वाजतो, लोक शिट्ट्या मारतात. लहान पोरं कान झाकून रडतात, तेही लोकांना आवडतं.

असं उभ्या उभ्या तापवल्याने तेल लवकर मरतं. पण मीटरवर किलोमीटर चढत नाहीत, आणि शेठ फक्त मीटर बघतात. बाबांनी तेल बदलायचं काढलं की ठरलेलं उत्तर यायचं, "गाडी चालली कुठे, भाऊ? बसल्या बसल्या तेल झिजते का?"

मग सकाळी चालू केल्यावर पुढून खडखड यायला लागली. डब्यात खिळे हलवल्यासारखी. झडपा उघडणाऱ्या दांड्यांना फिरवणारी एक चेन इंजिनात असते, आणि तिला ताणून धरणारा एक टेन्शनर. तो तेलाच्या दाबावर चालतो. तेलाची वाट गाळाने बुजली की तो ढिला पडतो आणि चेन फटके मारते. ती चाकाच्या एखाद्या दात्यावरून सरकली तर इंजिन संपलं. हे मी शेठना सांगायला गेलो होतो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं नाही. बाबांकडे बघून म्हणाले, "रेस दे दे के तूच बिघडवली. भाच्याच्या लग्नात गाडी निघाली नाही ना, तर दुसरा ड्रायव्हर बघतो."

म्हणून आम्ही लोधीपुऱ्यातल्या गॅरेजात, मिस्त्रीकडे होतो. त्याने आधी सोपा उपाय काढला. "टेन्शनर के पीछे वॉशर ठोक देता हूँ. बारात निकल जाएगी, बाद की बाद में."

"आणि माझ्या हातात असताना चेन तुटली तर?" बाबा म्हणाले.

"तो तुम्हारा नसीब." असं म्हणून त्याने गुटख्याची पिंक टाकली, आमच्या तेलाच्या ट्रेपासून वीतभर अंतरावर. मी ट्रे बाजूला ओढला.

नवा टेन्शनर इंदूरहून बसने मागवला. दोन्ही दांड्या खुणेवर आणून, हलू नयेत म्हणून अडकवल्या, जुना काढला. त्याचा दट्ट्या आत रुतून बसला होता. चेन ज्या प्लास्टिकच्या पट्टीवरून सरकते तिचा तुकडाच नव्हता. तो खालच्या तेलाच्या टाकीत सापडला, जाळीला चिकटलेला. बाबांनी टाकीतला गाळ हातांनी उपसला. कोपरापर्यंत काळे झाले. शेठने लक्ष ठेवायला पाठवलेला पुतण्या नाकाला रुमाल लावून मोबाईलवर व्हिडिओ काढत होता आणि हसत होता. "काका तो गटर में उतर गए!"

नवी पट्टी, नवा टेन्शनर बसवला, त्याला दाबून धरणारी पिन ओढली. इंजिन हाताने फिरवून खुणा पुन्हा जुळवून पाहिल्या. नवं तेल भरलं. चावी फिरवली तेव्हा खडखड नव्हती.

तेवढ्यात शेठ आले. आवाज ऐकून खूष झाले, पण गाळाचा ट्रे दिसताच चार पावलं मागे सरकले. मिस्त्री होता, पुतण्या होता, चहावाला होता. त्या सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "तू तो इंजिनियर बनून राहिला ना? बोल, गलती कोणाची?"

मला उत्तर माहीत होतं. ते तोंडात आलंही होतं. मी बाबांकडे पाहिलं. पाहायला नको होतं, असं अजून वाटतं, कारण मी थांबलेला बघून बाबाच बोलले.

"माझी, शेठजी. रेस मीच देत होतो."

"चला, कबूल तर केलं," शेठ म्हणाले. मिस्त्रीही मान डोलावत होता. आत्ताच त्याच्या हातांना तेल न बदलल्याचा तो गाळ लागला होता, तरी.

बाबांनी हात पुसले. "आता चूक माझीच, तर पुन्हा करणार नाही. वरातीत माझ्या पायाने रेस नाही. तुमच्याच तोंडचा शब्द आहे, रेसनेच बिघडली."

शेठ चहावाल्याकडे वळले.

घरी येताना मी म्हणालो, "तुम्ही खोटं बोललात."

"तू खरं बोलणार होता, म्हणून."

"मग?"

"मग मला सकाळी कामावर कोणी बोलावलं असतं?"

मला राग आला होता. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही. लग्नाच्या संध्याकाळी मीही गेलो, इतवाऱ्याच्या तोंडाशी उभा राहिलो. बाबांनी गाडी हळूहळू तिथवर आणली. नाच सुरू झाला, पुतण्याने बोनेटवर थाप मारली. बाबांनी नकारार्थी मान हलवली. पुतण्याने दार उघडलं, "हटो काका," आणि स्वतः आत बसला. बाबा उतरून रस्त्याच्या कडेला, माझ्या शेजारी उभे राहिले.

त्याने पाय दाबला तो सोडलाच नाही. पेट्रोलच्या धुराने डोळे झोंबले. शेठ हसत नोटा ओवाळत होते. नव्या तेलावर चेन अगदी गुळगुळीत फिरत होती, तो आवाज मला त्या गोंगाटातही वेगळा कळत होता, आणि किळस येत होती की ती आम्ही इतकी छान बसवली.

शेठचं लक्ष बाबांकडे गेलं. "भाऊ," ते ओरडले, "सकाळी गाडी धुवायला लवकर ये!"

"येतो, शेठजी," बाबा म्हणाले.