सुनेची कढई

आमच्याकडे कोंबडी घरात शिजत नाही. तिची चूल अंगणात, कढईही वेगळी, आणि ती कढई पुन्हा स्वयंपाकघरात येत नाही. परवा मी चिकन नूडल्स करायला बसलो. मळ्यातलीच कोबी अन् सिमला मिरची लांब चिरली, नूडल्स उकडून निथळत ठेवल्या. जाळ मोठा केला आणि जुन्या कढईचं बूडच गेलं.

आईनं आतून कोरी कढई आणली. सुनेसाठी घेऊन ठेवलेली. आठ वर्षं आम्ही माझ्यासाठी मुली पाहतोय; मुलीकडच्यांना वाशीमचा चपराशी चालतो, भाजीपाल्याचा मळेवाला चालत नाही.

"माय, हे कढई बाटली तं आत नेता येनार नाही," मी चिडून म्हणालो.

"आता कोनासाठी ठिवू?" म्हणत तिनंच तीत तेल ओतलं.