फक्कीची घरं

बाबांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं, तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा स्वतःच्या घराचा विषय निघाला. तोवर तारापूरच्या वसाहतीतलं क्वार्टर हेच आमचं घर. मी त्यातच लहानाची मोठी झाले. निवृत्त झालं की किल्ली परत द्यायची, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी एवढ्या वर्षांत कुणी तो विचार मनावर घेतला नव्हता.

बाबांच्या आगेमागे निवृत्त होणारी अशी बारा कुटुंबं होती. एका रविवारी सगळे काका आमच्याकडे जमले आणि ठरलं, की पांगायचं नाही. बोईसरच्या कडेला, इमारती संपून भातखाचरं सुरू होतात तिथे, बिनशेती झालेला एक तुकडा मिळत होता. तो मिळून घ्यायचा आणि बारा बैठी घरं बांधायची.

"आणि आर्किटेक्ट?" कुणीतरी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. पालघरच्या एका छोट्या ऑफिसात मला लागून दोन वर्षं झाली होती आणि तिथे मी बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने काढत होते.

"ही?" एक काका म्हणाले. "हिला सायकल मी शिकवलीय. तीनदा गटारात पडली होती."

"पण चौथ्यांदा नाही पडली," बाबा म्हणाले, आणि काम मला मिळालं.

पुढचे चार महिने दर रविवारी बैठक. एका काकांना दारात फणस हवा होता. बाबांना हत्यारं टांगायला एक अख्खी भिंत हवी होती. सगळ्यांत कठीण होते ते सेफ्टीवाले काका. आयुष्यभर सुरक्षा विभागात काढलेला माणूस. ते प्रत्येक नकाशावर पट्टी ठेवून विचारायचे, "आगीचा बंब आला तर वळेल कुठे?" बायका अधूनमधून डोकावायच्या. मी विचारलं, तुम्हाला काय हवं, तर म्हणायच्या, "ओटा जरा उंच कर." मी बाराही घरांच्या ओट्यांची उंची वहीत लिहून घेतली आणि आपण किती बारकाईने काम करतोय, म्हणून स्वतःवरच खूश झाले.

नकाशा देखणा झाला. मधोमध रस्ता, दोन्ही बाजूंना सहा-सहा घरं, प्रत्येकापुढे बाग, आणि घरांच्या पाठीला उंच कंपाउंडची भिंत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाया खणायच्या आधी जमिनीवर फक्की मारून घरं दाखवू, असं मीच सुचवलं. म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या रेघांनी खऱ्या मापाच्या भिंती आखायच्या.

थंडीतली सकाळ होती. बारा कुटुंबं डबे, सतरंज्या, थर्मास घेऊन आली. मिस्त्री दोरी ताणून फक्की टाकत पुढे सरकत होता आणि लोक मागोमाग आपापल्या घरात शिरत होते. थोड्याच वेळात गोंधळ उडाला.

"एवढीशी बेडरूम?" फणसवाले काका ओरडले. "हिच्यात पलंग काय उभा करू?"

मोकळ्या माळावर आखलेली खोली नेहमीच लहान दिसते, हे मी समजावून सांगितलं. कुणाला पटेना. शेवटी बाबा पुढे झाले, बूट काढले आणि बेडरूममध्ये सरळ आडवे झाले. शेजारी फणसवाल्या काकांना आडवं केलं. मग तिसऱ्यांना. तिघं मावले आणि वर कपाटाला जागा उरली. तेवढ्यात मिस्त्रीचा आवाज आला, "आंटीजी, बाथरूम से उठिए, लाइन मारनी है." एक काकू सतरंजी पसरून पोहे वाढत बसल्या होत्या. सगळा माळ हसला.

मी आईला शोधत आमच्या घरी गेले. ती स्वयंपाकघराच्या मागच्या रेघेवर उभी होती, समोर भिंत येणार होती त्या दिशेला तोंड करून.

"काय बघतेस?"

"काही नाही. छान केलंयस," ती म्हणाली. मग वळली आणि मोठ्याने हाक मारली. क्वार्टरमध्ये आमच्या मागच्या दारासमोर ज्यांचं मागचं दार होतं, त्या काकूंना. माझ्या नकाशात त्या रस्त्यापलीकडे गेल्या होत्या.

काकू निघाल्या त्या आपल्या हॉलची रेघ ओलांडून, रस्ता ओलांडून, आमच्या बागेतून, आमच्या हॉलमधून थेट.

"अगं, भिंतीतून काय चाललीस!" त्यांचे यजमान ओरडले.

"मग जाऊ कुठून?" काकू थांबल्या. "कोथिंबिरीची काडी मागायची तर आता रस्ता ओलांडू, गेट उघडू, बेल वाजवू?"

 आमची मासळीवाली मावशीही त्या दिवशी जागा पाहायला आली होती. किनाऱ्यावरच्या गावातून ती वसाहतीत रोज मासळी घेऊन यायची. हे ठिकाण तिला फार लांब नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून सगळं न्याहाळत होती.

"बाय, घरं चांगली हायत," ती म्हणाली. "पन मी पाटी कुठं उतरू?"

"गेटपाशी जागा करू ना."

"पुढच्या दारी मावरं कोन घेतं? सगल्या जनी मागच्या दारी येतात. तुज्या घरांना मागचं दार नाय."

दार होतं. ते भिंतीकडे उघडत होतं, एवढंच. वसाहतीत मी पाढे त्याच मागच्या दारात पाठ केले होते, केस तिथेच विंचरून घेतले होते, दहावीचा निकाल तिथेच पहिल्यांदा काकूंना ओरडून सांगितला होता. नकाशा काढताना यातलं काहीच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कान तापले माझे, आणि मग मलाच हसू फुटलं.

"बसा सगळ्या," मी म्हटलं आणि काटकी घेऊन मातीतच नवा नकाशा काढू लागले.

घरांची तोंडं फिरवली. रस्ता बाहेरून, कंपाउंडच्या कडेने. दोन्ही रांगांच्या पाठी आत, समोरासमोर, आणि मधे एक लांब अंगण. चार महिने फक्त ओट्याबद्दल बोललेल्या बायका आता एकदम बोलू लागल्या. नळ इथे. पापड वाळत घालायला ऊन तिथे. दुपारी बसायला सावली हवी, तर फणस मधेच लावा, एकाच्या दारात कशाला? रस्ता लांबला म्हणून पुढच्या बागा निम्म्या होणार, हे मी घाबरत सांगितलं.

"होऊ देत," आई म्हणाली. "पुढे बसतं कोण?"

बागेसाठी काही काका कुरकुरले. सगळे सेफ्टीवाल्या काकांकडे बघू लागले. ते मातीतल्या नकाशाभोवती दोनदा फिरले.

"बंब बाहेरून पूर्ण फेरी मारू शकतो," ते म्हणाले. "आणि प्रत्येक घरातून दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येतं. मी पहिल्यापासून हेच सांगत होतो."

मिस्त्री मात्र हिरमुसला. "सब मिटाना है?" त्याने पुनःपुन्हा विचारलं. त्याला पोहे दिले, आणि बाराही कुटुंबांनी पायांनी रेघा पुसल्या. वयाने साठीला टेकलेली माणसं पाय घासत, धूळ उडवत एकमेकांच्या बैठकीच्या खोल्या मोडत होती.

नवीन नकाशा मंजूर झाला, घरं उभी राहिली. किल्ल्या परत देऊन सगळे एकाच आठवड्यात राहायला आले. टेम्पोवर टेम्पो. वसाहतीत सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतलेली, एकाच राखाडी रंगाची लोखंडी कपाटं होती. हमालांनी आमचं कपाट काकूंकडे आणि भलतंच एक आमच्याकडे ठेवलं, आणि ते चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आई आणि काकू दोघींनीही साड्यांची बोचकी अजून सोडली नव्हती. पाचव्या दिवशी बाबांना आतल्या खणात फणसवाल्या काकांच्या लग्नाचा फोटो सापडला. म्हणजे आमच्याकडे त्यांचं कपाट आलं होतं, आणि काकूंचं आणखी कुठेतरी गेलेलं. मग त्या संध्याकाळी अंगणातून कपाटांची वरात निघाली. सेफ्टीवाले काका पुढे चालत सूचना देत होते, त्यांच्याकडे कुणीही लक्ष देत नव्हतं, आणि आई व काकू दारात उभ्या राहून इतक्या हसत होत्या की शेवटी दोघींनाही पायरीवर बसावं लागलं.