तुळशीच्या नावाचा द्रोण

जानीमावशीला 'तुम्ही' हा शब्द येत नाही. देव असो, शेठ असो नाहीतर पोलीस, सगळे तिचे 'तू'. तलासरीच्या चौकीत ती पहिल्यांदा गेली तेव्हा जमादार खुर्चीत डुलक्या काढत होता. मावशी म्हणाली, "ऊठ रे साहेब, माझी बहीण हरवली." साहेब एवढा दचकला की टोपी टेबलाखाली गेली. टोपी वर येईपर्यंत मावशीची अर्धी हकिकत सांगून झाली होती.

ही गोष्ट पन्नास सालची. आमच्या वेवजीत तेव्हा धड रस्ता नव्हता, पण बातमीला कुठे रस्ता लागतो? मावशीची धाकटी बहीण तुळशी ओढ्यापलीकडच्या पाड्यावर नांदत होती. नवरा काकड्या. तीन-चार वर्षांची एक पोर, जिजा. एका सकाळी तुळशी घरात नव्हती, एवढंच. जिजा उंबऱ्यात बसून रडत होती आणि काकड्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

काकड्याचं बोलणं बहिऱ्यालाही ओळखू येईल. "आता म्हंजे, गेली ना ती. आता म्हंजे, संजाणचा काकणवाला यायचा ना, त्याच्यासंगं. आता म्हंजे, मी काय तिला खुंट्याला बांधू?" आमच्याकडची पोरं अजून बकरी हरवली तरी याच चालीत घरी येऊन सांगतात आणि मार खातात.

जमादार देशावरचा. एकेक शब्द तराजूत घातल्यासारखा बोलायचा. "हे बघ बाई. नवरा म्हणतो, पळून गेली. पळून गेलेली बाई ही हरवलेली नसते. कळलं?"

"नाय कळलं," मावशी म्हणाली. "तुळशी माझ्याकडं राहायला यायची तर बकरीपण संगती आणायची. बकरीला टाकत नाय ती पोरीला टाकंल?"

जमादाराने बकरीचं काही लिहून घेतलं नाही.

मग मावशी स्वतःच निघाली. संजाणला जाऊन काकणवाला शोधून काढला. म्हातारा, दम्याने वाकलेला, धंदा कधीच सोडून बसलेला. मावशीने विचारलं, माझी बहीण कुठं ठेवलीस? त्याने कपाळावर हात मारला. "अरे बेन, मारे घेर एक छे, ए ज भारे पडे छे! बीजी क्यां राखुं?" घरातली एकच जड जाते, दुसरी ठेवू कुठे? आतून ती घरातली एक ओरडली, "कोण छे?" आणि काकणवाला असा गप्प झाला की मावशीचा त्याच्यावरचा संशय तिथेच संपला.

पुढे कुणी म्हणालं, वाणगावच्या बाजारात दिसली. मावशी वाणगावला गेली. वांग्यांच्या ढिगामागे पाठमोरी बाई, तशीच मान, तसाच अंबाडा. मावशीने धावत जाऊन खांदा धरला. बाई वळली. दुसरीच. "काय गो, वांगी घेतेस का मला?" मावशीने वांगी घेतली. रिकाम्या हाताने परत यायला तिला लाज वाटली म्हणे.

साठ साली मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले. संजाण, उंबरगाव गुजरातेत गेलं, आम्ही महाराष्ट्रात राहिलो. चौकीतला नवा जमादार खूश झाला. "बाई, तुमची बहीण संजाणच्या माणसाबरोबर गेली ना? म्हणजे ती आता परराज्यात. तिकडे तक्रार करा."

"रेघ तू ओढलीस," मावशी म्हणाली. "माझी बहीण पन्नास साली गेली, तेव्हा तुझी रेघ कुठं होती?"

आता आम्हा वारली लोकांतली एक गोष्ट सांगायला हवी. ताडी प्यायच्या आधी पहिला थेंब जमिनीवर सांडायचा, तो पितरांचा. लग्नात तर घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं नाव घेऊन पळसाच्या द्रोणातून ताडी ओतायची. एक जरी पितर राहिला तर तो रुसतो, मांडवात येतो, नवरीला झपाटतो. आणि जित्या माणसाच्या नावाने ओतली तर तो माणूस मरतो. भांडणात आमची माणसं एकमेकांच्या सात पिढ्या काढतील, पण जित्याच्या नावाने थेंब सांडणार नाहीत. तो खूनच.

म्हणून मावशीने तुळशीच्या नावाने कधी ओतली नाही. शेजारणी म्हणत, "एवढी वरसं झाली, दे तिला दोन थेंब. सुटंल बिचारी."

"आणि जिती असली तर? मीच मारू?"

इकडे जिजा वाढत होती. बाप तिच्यावर जीव टाकायचा, हे खरं. पण ओढ्यावर बाया बोलायच्या, "आईवरच गेलीय गे, नाक बघ," आणि जिजा नाकावर पदर घ्यायची. आईचं नाव तिने कधी काढलं नाही. मावशीने एकदा काढलं तर म्हणाली, "मला टाकून गेली ती. मला कशाला सांगतेस?" स्थळं यायची आणि परत जायची. पळालेलीची पोर, उद्या हीपण पळंल. मावशीला बहीण हवी होतीच. पण त्याहून जास्त तिला जिजाचं हे वाक्य खोटं पाडायचं होतं.

मावशी आमची धवलेरी. म्हणजे आमच्यात लग्न लावणारी, गाणी गाणारी बाई, तिच्याशिवाय लग्न होत नाही. तिने कितीएक घरं जोडली होती, जिजाचं जमवताना मात्र उधव्याला खेटे घालून तिच्या टाचा फुटल्या. शेवटी नवऱ्यामुलाची, लाहूची, आई जमना कंटाळून म्हणाली, "बाय, तू रोज येतेस तर तुलाच सून करून घेऊ का? आण ती पोरगी."

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात लग्न. मांडव घातला, सवाशिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला, ढोल लागला. मावशीने द्रोण मांडले. काकड्या एकेक उचलत गेला. "आता म्हंजे, हा बापाला. हा आईला. आता म्हंजे, हा भावाला, साप चावून गेलेल्या." द्रोण संपले. मावशी आंब्याचा डहाळा तोडायला घरामागे गेली.

तर काकड्या तिच्या आधीच तिथे. हातात एक भरलेला द्रोण. शेताच्या बांधावर मोहाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी तो वाकला, ताडी ओतली आणि पुटपुटला. मावशी कुडाच्या आडोशाला होती. या वेळी त्याच्या तोंडी 'आता म्हंजे' नव्हतं.

"तुळशे, पी आणि जा. पोरीच्या लग्नात येऊ नको."

इतकी वर्षं तिने ज्या बहिणीला जितं ठेवलं होतं ती त्या एका द्रोणाबरोबर मेली.

ओरडली असती तर? मांडव उठला असता. उधव्याची माणसं आल्या पावली परत गेली असती आणि जिजा त्याच घरात राहिली असती, जन्मभर. मावशी डहाळा घेऊन मांडवात आली. आवाज लावला आणि सगळं लग्न शेवटपर्यंत गायली. माझी आजी सांगते, एवढं चांगलं ती कधीच गायली नव्हती. काकड्या तर रडला ऐकून.

दुसऱ्या दिवशी जिजाची पाठवणी झाली आणि मावशी सरळ तलासरीला. तोवर तिथे नाशिककडचा फौजदार आला होता, तरणा, तोंडात कायम लवंग. त्याने ऐकून घेतलं. मग लवंग या गालातून त्या गालात गेली.

"ताडी ओतली म्हणता. ताडी आली कुठनं? दारूबंदी हाये ना?"

हाच तो पेच. ती कशाला निघाली ते कळल्यावर वाटेत अख्ख्या पाड्याने मावशीला अडवलं होतं. "मावशी, ताडीचं बोललीस तर नवऱ्यापासून ढोलवाल्यापर्यंत सगळे आत!" खुद्द तुक्या ढोलवाला तिच्या पाया पडला होता. मावशी म्हणाली होती, तुझं नाव मला आठवतच नाय रे, तू कोण?

फौजदाराला ती म्हणाली, "ताडी मीच आणली, मीच मांडली. लिही माझं नाव. पण लिहून झालं की कुदळ घे."

"म्हातारे, तुला आत टाकीन हां."

"टाक. पण आधी खण."

फौजदाराने लवंग थुंकली. मग तो शिपायांना म्हणाला, "माणसं बोलवा रे. ताडीचं राहू द्या."

मोहाखाली, बांधाच्या पोटात, फार खोल नाही, हाडं निघाली. कवटी मागून फुटलेली होती. मनगटाशी पितळी कडं. लहानपणी भांडणात जानीनेच ते दगडाने ठेचून चपटं केलं होतं. मावशीने ते पदराने पुसलं. काकड्या ओट्यावरच होता. पळाला नाही. फौजदाराने विचारायच्या आधीच बोलायला लागला. "आता म्हंजे..." आणि दोन्ही हात बेडीसाठी पुढे केले.

खटला ठाण्याला चालला. सरकारी वकिलाने मावशीला विचारलं, "द्रोणातील द्रव कोणता होता, हे आपण शपथेवर सांगू शकता काय?" मावशी म्हणाली, "तू आमच्या वारली लग्नाला ये, मग सांगते." न्यायाधीश हसले म्हणे, पण रुमालाआड.

काकड्याने सगळं कबूल केलं. भांडण झालं होतं. तुळशी पोरीला कडेवर घेऊन बहिणीकडे निघाली होती. तो म्हणाला, पोर देत नाय. तिने पोर सोडली नाही. त्याने ओढून घेतली, खाली ठेवली, आणि कुऱ्हाडीचा दांडा मारला. जन्मठेप झाली.

मावशी ठाण्याहून परतताना एकाच गोष्टीला घाबरली होती. पळालेलीची पोर होती तोवर लग्न जमेना, आता तर खुन्याची पोर. जमना जिजाला परत पाठवणार. ती तशीच उधव्याला गेली. जमना अंगणात भात कांडत होती. मुसळ न थांबवता म्हणाली, "बापाचं बाप फेडंल. माझ्या सुनेनं काय केलं? बस, पेज पी." आणि दोन घाव घालून, "पण ती तुझ्याशी बोलायची नाय. घरात हाय."

जिजा खरंच बोलली नाही. बाप तुरुंगात गेला, तो मावशीने घालवला, असं तिचं. लावणी झाली, कापणी झाली, मावशी उधव्याला गेली की जिजा मागच्या दाराने पाणी आणायला जायची. मावशीने कधी अडवलं नाही. जमनाच्या हातची पेज पिऊन ती परत यायची.

मग पुढल्या होळीच्या आधी एका दुपारी जिजा आपली आपणच वेवजीला आली. आम्ही अंगणातच होतो. उभ्यानेच म्हणाली, "बाप कोर्टात काय बोलला? त्याचे शब्द सांग. तुझे नको."

मावशीने सांगितलं, त्याच्याच शब्दांत.

"कडेवर?"

"कडेवर."

"मला टाकून नव्हती चालली?"

"तुला सोड म्हणत होता तो. नाय सोडलंन तिनं."

जिजा ओट्यावर बसली. नाकावर पदर नव्हता. मग म्हणाली, "मावशी, ती कशी होती गे?"

"चोर होती," मावशी म्हणाली. "सुके बोंबील शिंक्यातून चोरून खायची आणि मांजराचं नाव सांगायची. आणि तेव्हा आमच्याकडं मांजरच नव्हतं!"

जिजाला हसू फुटलं. हसताना ती पुढे वाकून मांडीवर थापा मारत होती. अगदी तुळशी हसायची तशी. मावशी बोलायची थांबली.

"काय झालं?"

"काय नाय. हसत राहा."

"तू सांगत राहा," जिजा म्हणाली, आणि पाय वर घेऊन नीट बसली. "मांजर नव्हतं, मग पुढं?"