साळवे सरांची मोटार

साळवे सरांची पहिली भेट बदनापुरात, त्यांच्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये झाली. पदवी नुकतीच हाती आल्याने मला तेव्हा सगळंच येत होतं. मी विचारलं, "सर, यंत्रात बसवायच्या प्रोग्रामसाठी सर्वांत चांगली भाषा कोणती?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मोटार कुणाची?" मला वाटलं, सर विषय टाळताहेत.

त्यांच्या हाताखाली राहिल्यावर उलगडा झाला. आम्ही बनवतो तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड शेतातल्या पंपावर बसतो. विजेच्या तीनपैकी एक फेज गेली की मोटार घुमत राहते आणि जळते. त्याआधी बोर्डाने ती बंद करायची; प्रोग्राम चुकला तर मोटार जळणार शेतकऱ्याची. सर आयुष्यभर हा प्रोग्राम 'सी'त लिहीत आले. ही भाषा चपळ, पण चुकलात तर अडवत नाही. नव्या बोर्डासाठी मी 'रस्ट' सुचवली. ही मुळात संशयी. मेमरीत घोळ दिसला की प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. स्वभावाने थेट आमच्या शहागडच्या सासूबाई.

चाचणीसाठी मी त्यांचीच मोटार मागितली. त्या म्हणाल्या, "जावईबापू, काय शिकायचं ते शिका, माझ्या मोटारीवर न्हाई. ऊस उभा हाय."

मी हे सांगितल्यावर सर हसले. "बाई बराबर बोलल्या. माझी घ्या."

वाटूरला सरांची मोसंबीची बाग, विहिरीवर एकच मोटार, वर ऐन मे महिना. जळलेली मोटार नव्या तारेने भरून येईपर्यंत बाग वाळली असती. मी म्हणालो, "सर, तुमचा तर या भाषेवर विश्वासच नाही."

"म्हणूनच. विश्वासवाला चुका झाकतो. मी झाकणार न्हाई."

बोर्ड बसवून मी मोटार चालू केली आणि सरांनी स्वतः एका फेजचा फ्यूज काढला. मोटार तत्काळ थांबली. त्यांनी तिच्यावर हात ठेवून पाहिला, फ्यूज बसवला, पुन्हा चालू केली, दुसऱ्या फेजचा काढला. पुन्हा थांबली. मग तिसऱ्याचा. "बिलकुल बराबर," सर म्हणाले. हरून इतका खूश झालेला माणूस आपल्या जिल्ह्यात मी दुसरा पाहिलेला नाही, निवडणुकांचे निकाल धरून.

आता पंचाहत्तरीत सर ती भाषा शिकताहेत. रस्ट चूक दाखवते, सर ती मोठ्याने वाचतात आणि तिला मान डोलावतात. आम्हाला एवढा मान कधी मिळाला नाही.

सासूबाईंनीही अखेर बोर्ड मागितला आहे. अट एकच: सरांनी स्वतः बसवायचा आणि दर उन्हाळ्यात स्वतः येऊन तपासायचा. सर हो म्हणून बसले आहेत. शब्द पाळायला त्यांना पुष्कळ, ठणठणीत उन्हाळे लागतील. तेवढे त्यांना लाभोत. सासूबाई मोजायला आहेतच.