लॉग बंद?

आमच्या ऑफिसात कामाची एक रीत आहे आणि ती मीच लावली आहे. मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आम्ही सहा जण एक सर्च टूल बनवतो. ते माणसांसाठी नाही, एआय एजंटांसाठी आहे. तुम्ही एजंटला काही विचारलं की तो तुमच्या वतीने वेबवर शोधायला जातो, आणि जिथे जातो तिथे तुमची चौकशी मागे ठेवून येतो. आमचं टूल मध्ये उभं राहतं. कोण विचारतंय ते पुढे सांगत नाही आणि काय विचारलं ते लक्षात ठेवत नाही.

तपासणी करताना मात्र प्रत्येक प्रश्न लिहून घ्यावा लागतो, नाहीतर चूक सापडणार कशी? ती नोंद म्हणजे लॉग. म्हणून टूल कोणाच्या हाती देण्याआधी एकाने मोठ्याने विचारायचं, "लॉग बंद?" आणि दुसऱ्याने स्वतः स्क्रीनवर बघून म्हणायचं, "बंद." नवीन मुलं हसतात. हसोत बापडी. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

भांडुपच्या घरी मी आणि बाबा. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, मागांच्या गोंगाटात उभी जवानी गेली. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं, पण भजनी मंडळाचा पखवाज कधी सोडला नाही. गेल्या वर्षापासून माझ्या बोलण्याकडे त्यांचं लक्षच नसायचं. चहा घेता का विचारलं की "मंगळवारी" म्हणायचे. मी चिडायचे. एकदा तर म्हटलं, "तुमच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं." त्यावर ते हसले.

मग त्यांना हवं ते कोणाला तरी विचारता यावं म्हणून मी टॅबवर एक एजंट बसवून दिला, आणि त्याचे प्रश्न घरातल्या जुन्या लॅपटॉपवरच्या आमच्या टूलमधून जातील अशी सोय केली.

"मी काय इचारतंय ता कोणाक कळतला?" बाबांनी विचारलं.

"कोणालाही नाही. मलासुद्धा नाही."

हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्याच दिवशी टॅबचा आवाज बंद करून ते उत्तरं वाचायला लागले. मला वाटलं, म्हातारपणाची हौस.

दोन आठवड्यांनी, एका रविवारी, टूल रखडायला लागलं म्हणून मी लॅपटॉप उघडला. लॉग चालू होता. घरी तपासणारी मीच, हाती देणारीही मीच. "बंद" म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि माझ्यासारख्या शहाणीला त्याची गरजही वाटली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पहिली ओळ नजरेस पडली ती पडलीच, पण पुढच्या दोन मी वाचल्या, हे खोटं का सांगू?

'ओठ बघून बोलणे ओळखण्याचा सराव.'

'मुलगी रागावू नये म्हणून ऐकू येत नसल्याचे कसे सांगावे.'

'ऐकू कमी येत असताना भजनाला पखवाज वाजवता येतो का.'

मी लॅपटॉप मिटला. वाचल्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या भिंतीच्या टोमण्याची. सगळं पुसून गप्प बसणं सोपं होतं. पण मग माझ्या शब्दाला काय अर्थ? आणि सांगितलं तर तो टॅब कपाटात जाणार, बाबा पुन्हा कोणालाच काही विचारणार नाहीत. तरी मी उठले.

बाबा खिडकीपाशी पखवाजाच्या डाव्या तोंडाला, आवाज घुमावा म्हणून, कणीक लावत होते. मी उजेडात, त्यांच्या अगदी समोर बसले आणि सावकाश सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"किती वाचलंस गो?"

"तीन ओळी. चूक माझी आहे, बाबा. आणि मी रागावलेले नाही."

त्यांनी कणकेचा गोळा बोटांत फिरवला. "मंडळात सांगू नको. पखवाज काढून घेतीत."

"नाही सांगत. पण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या."

त्यांनी गोळा पखवाजावर थापून बसवला आणि म्हणाले, "साचेखात्यात आमी ओठ बघूनच बोलत होतो. त्या आवाजात दुसरा काय करणार? आता ती सवय रवली नाय."

मी लॅपटॉप आणून त्यांच्यापुढे ठेवला. लॉग पुसला, बंद केला, आणि ऑफिसातली रीत त्यांना समजावून सांगितली. मग आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "लॉग बंद?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. चष्मा सारखा केला, स्क्रीनवर वाकून नीट पाहिलं, आणि इतक्या मोठ्याने "बंद!" म्हणाले की शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात आल्या.