चुलीपुढचं पांढरं लुगडं

चिमूरजवळच्या आमच्या घरी धूर छपराबाहेर नेणाऱ्या पाइपाची चूल बांधायला एक बाई आली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. पाइप छपरातून जातो तिथली लाकडं तिनं दूर सरकवली, मध्ये पत्रा बसवला. चूल वाळल्यावर ती पेटवायला पुन्हा आली, तर अंगावर विहारात जायचं पांढरंशुभ्र लुगडं!

आई घाबरली. "बाई, धुरानं खराब होईन ना!"

"काऊन होईन? चूल मी बांधली हाय."

कामाचा असा ताठा मला फार आवडतो.

दार लावून तिनं जाळ केला आणि भात शिजेपर्यंत चुलीपुढून हलली नाही. मग छपराच्या लाकडांना हात लावून पाहिला. गार होती. अंगणात येऊन तिनं पदर आईपुढे धरला. आईनं तो हुंगला. नुसता साबणाचा वास येत होता.