आठवडाभर कोणी बोललं नाही

“लिहू काहून? बोलून घेऊ ना!” असं म्हणत ती फोन लावायचीच. आपण ‘हॅलो’ म्हणेपर्यंत तिची निम्मी गोष्ट सांगून झालेली असायची.

आमच्या गटात हे अजबच होतं. दृष्टी नसलेल्यांना मोबाइलवरचा मजकूर वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आम्ही दहाबारा जण मिळून बनवत होतो. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आणि पगार कोणालाच नाही. कोणी पुण्याचा, कोणी बंगळूरचा, एक जण जर्मनीत. चेहरे कोणी कोणाचे पाहिलेले नाहीत. जे ठरवायचं ते गटाच्या पानावर, लेखी आणि थोडक्यात. मी रायपूरच्या एका कार्यालयात संगणक सांभाळतो, स्वभावाने घुमा. मला ही रीत फार मानवली होती.

ती रायपूरच्याच गुढियारी वस्तीतली. वडिलांचे डोळे शहरालगतच्या उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये गेलेले. आमच्या भागात निरोप येतात ते मराठी, हिंदी, छत्तीसगढी असे कालवून. आमचं सॉफ्टवेअर एकाच भाषेचं बोट धरून चालायचं आणि दुसरी आली की अडायचं. असं मिसळलेलं सलग वाचणारा भाग तिने लिहिला, बाबांना समोर बसवून.

मी याच शहरातला, हे कळल्यावर ती स्कूटीवरून थेट ब्राह्मणपाऱ्यात आमच्या घरी हजर. हातात ठेठरीचा, म्हणजे बेसनाच्या तळलेल्या खाऊचा डबा. “भैया, त्या जर्मनीवाल्यालेही पाठवू का? किती कोरडं लिहून राहिला बिचारा. कोणी खाऊ घालत नसन त्याले.” माझी बायको हसत सुटली. मीही हसलो. मी हसलो, याचीच आमच्या घरात बातमी झाली.

तुमच्याही कामात अशी एखादी असेल पाहा. तिचा विचार बोलता बोलता तयार होतो. आमच्या पानावर मात्र तो पक्का होऊनच यावा लागे. तिच्या निरोपात आधी नमस्कार, मग सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी, आणि मुद्दा कुठेतरी मधे. पुण्याचा गडी आमच्यातला सर्वांत हुशार. त्याने सर्वांसमोर लिहिलं, “हा कोड नाही, गप्पा आहेत.”

“खरं बोलला,” ती मला फोनवर म्हणाली. “माह्या बाबाले गप्पाच ऐकाच्या आहेत ना.” हसली. पण त्यानंतर तिच्या निरोपांतला नमस्कार गेला, मग तब्येतीही गेल्या.

पुढे त्यानेच प्रस्ताव मांडला: मिश्र भाषेचा भाग चुका करतो, काढून टाकावा. आमचा नियम असा, की आठवडाभर कोणी हरकत घेतली नाही तर प्रस्ताव मंजूर. ज्याचा कोड, त्याची हरकत मोजायची नाही.

तिचा फोन आला. “भैया, तुम्ही लिहा ना दोन ओळी. मी काही म्हटलं तर म्हणतीन, बापासाठी रडून राहिली. तुमचं ऐकते सारे.”

“बघतो,” मी म्हणालो.

“हव. बघा.”

मी बघितलं. रोज ते पान उघडून बघितलं. लिहायचं काय, तेही ठरलं होतं: चुका आहेत, पण दुरुस्त होतील, मी सोबत बसतो. लिहिलं नाही. गावची म्हणून बाजू घेतो असं म्हणतील, ही भीती होती. आणि खरं सांगायचं तर पुण्याचा तो मला ‘समतोल माणूस’ म्हणायचा, ते मला आवडायचं. एवढ्यासाठी.

आठवडा सरला. भाग निघाला. तिने मला फोन केला नाही, रागाचाही नाही. गट सोडला तोही न बोलता. आता उरल्याच्या एका कारखान्यात ट्रकांच्या पावत्या करते, असं ऐकलं.

गेल्या महिन्यात सगळं कबूल करायचं ठरवून मी तिच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. खाटेवर तिचे बाबा एकटेच. हातातला मोबाइल कोणाचासा निरोप वाचत होता. मधल्याच एका छत्तीसगढी शब्दाशी तो अडखळला आणि गप्प झाला. बाबा मोबाइल कानाशी धरून वाट बघत राहिले, पुढचं येईल म्हणून.

मग त्यांना चाहूल लागली.

“कोन हाय? पोट्टी कामावर गेली.” मान माझ्या दिशेने वळली, थोडी चुकून, भिंतीकडे. “कोन हाय? बोला ना.”

मी चपला हातात घेतल्या आणि पायऱ्या उतरलो.